गोळाभात गरम करून वाढला, तरी लोक आजारी का पडले? जंतूंचं गणित आणि तुमचा खाद्यव्यवसाय

"ताई, टिफिन सुरू करायचा आहे, लायसन्स कसं काढू?" "बॅटरचा धंदा करायचा आहे, ग्राइंडर किती लिटरचा घेऊ?" "पॅकिंग कुठून आणू?" असे प्रश्न मला रोज येतात आणि मी आनंदाने उत्तरं देते. पण माझ्या पदार्थात जंतू कसे वाढतात, हे आजपर्यंत एकाने विचारलेलं नाही. मीसुद्धा दुकान टाकताना कोणाला विचारलं नव्हतं. त्याची किंमत मी मोजली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा जास्त माझ्या ग्राहकांनी मोजली. व्हिडिओमध्ये ही गोष्ट दोन मिनिटांत उरकली होती. इथे सविस्तर सांगते.

वाडीत, अमरावती रोडवरून आत वळलं की माझं दुकान आहे. इडली-डोशाचं बॅटर, दही, पनीर, आणि ऑर्डर आली तर जेवण. दुकानाला दीड वर्ष झालं होतं. मे महिना, ऊन कसं ते नागपूरकरांना सांगायला नको. दत्तवाडीतल्या एका घरी बारसं होतं, साठ पानांची ऑर्डर. गोळाभात, कढी, कोशिंबीर, जिलबी. जेवण दीड वाजता.

मी शहाणपणा केला. ऊन चढायच्या आत स्वयंपाक उरकू म्हटलं. पहाटेच गोळाभात तयार झाला, दोन मोठ्या गंजांत काठोकाठ भरला, झाकणं लावली आणि भात गरम राहावा म्हणून वरून जाड टॉवेल गुंडाळले. मोठ्या जाऊबाई म्हणाल्यासुद्धा, "अवो, इतक्या लवकर काऊन करून ठेवता? दुपारी करू न." मी ऐकलं नाही. एक वाजता भात त्यांच्या घरी पोचला, तिथे शेगडीवर पुन्हा चांगला गरम केला, वरून कडकडीत फोडणी घातली. लोकांनी मागून मागून खाल्ला.

पाच वाजता फोन आला. अकरा जणांना उलट्या. बाळाच्या पणजीला दवाखान्यात सलाइन लावलं होतं.

मी धावत गेले. नातेवाईक सगळे कढीला दोष देत होते, उन्हाळ्यातलं दही म्हणून. मलाही तेच वाटत होतं. डॉक्टरांनी मात्र दह्याचं नावच काढलं नाही. त्यांनी विचारलं, "भात किती वाजता शिजवला?" मी म्हटलं, सकाळी. "नक्की किती वाजता?" मला सांगता येईना. साडेपाच, कदाचित पाच. "मग दीड वाजेपर्यंत कशात ठेवला होता?" गंजात, झाकून, टॉवेल गुंडाळून. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले.

भाताचा नमुना उरलाच नव्हता, म्हणून तपासणी झाली नाही. पण खाल्ल्यापासून काही तासांत उलट्या, ताप नाही आणि आधी शिजवून ठेवलेला भात, एवढ्यावरून त्यांनी संशय सांगितला: बॅसिलस सेरियस. सगळे जण दुसऱ्या दिवशीपर्यंत बरे झाले. आजींना मात्र दोन दिवस लागले. मी पैसे परत केले, दवाखान्याचं बिल भरलं. पण त्या दोन दिवसांत मला झोप लागली नाही, आणि एकच प्रश्न डोक्यात फिरत होता. भात तर उकळत्या पाण्यात शिजला होता, वाढताना पुन्हा गरम केला होता. मग जंतू आला कुठून, आणि मेला का नाही?

याचं उत्तर कळलं आणि माझं अख्खं दुकान बदललं.

बॅसिलस सेरियस हा मातीतला जंतू. धान्यावर, तांदळावर तो सहज असतो. परिस्थिती कठीण झाली की तो बीजाणू बनवतो. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपलेला जंतू समजा. भात शिजताना बाकीचे जंतू मरतात, पण हे कवचातले बरेचसे वाचतात. भात कोमट झाला की ते जागे होतात. बाजूला स्पर्धक कोणी नाही, समोर शिजलेला, ओला, पिठूळ भात! धंद्याच्या भाषेत म्हणजे पूर्ण मार्केट रिकामं. तो वाढतो आणि वाढता वाढता भातात विष सोडतो. तुम्ही भात पुन्हा गरम करता तेव्हा जंतू मरतो, पण हे उलटीचं विष प्रेशर कुकरच्या तापमानालाही दाद देत नाही. "गरम करून वाढलं म्हणजे सेफ" हे वाक्य म्हणूनच अर्धं खरं आहे.

आता गणित बघा. जंतू अंडी घालत नाहीत, पिल्लं वाढवत नाहीत. एकाचे दोन तुकडे होतात, दोनाचे चार. सगळं मनासारखं असेल तर इ. कोलायसारखा जंतू साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे तासाला तीनदा दुप्पट. १०० जंतूंपासून सुरुवात केली तर एका तासात ८००. किरकोळ वाटतं ना? तीन तास वीस मिनिटांत १ लाख २ हजार ४००. सात तासांत २० कोटी ९७ लाखांच्या वर. आपल्या बचत खात्याला असं चक्रवाढ व्याज कोणी देत नाही!

प्रत्यक्षात लगेच पहिल्या मिनिटापासून दुप्पट होत नाहीत. नवीन जागी आलेला जंतू आधी थांबतो, जागेचा अंदाज घेतो, मग धडाधड वाढतो, मग खाणं संपतं आणि त्यांनीच सोडलेलं आम्ल वाढतं तशी वाढ थांबते, शेवटी मरायला लागतात. बीबीएला आम्हाला प्रॉडक्ट लाइफ सायकलचा आलेख होता. सुरुवात, वाढ, परिपक्वता, उतार. जंतूंचा आलेख पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, हा तर आमच्या मार्केटिंगच्या सरांनी फळ्यावर काढला होता! तुमची सगळी कमाई त्या पहिल्या, थांबण्याच्या टप्प्यात आहे. तो टप्पा जितका लांबवाल तितका तुमचा माल टिकतो.

आणि मी काय केलं होतं? दही लावताना आपण काय करतो ते आठवा. दूध कोमट करतो, विरजण घालतो, झाकतो, थंडीत टॉवेल गुंडाळतो. जंतूंना सुखाचं घर देतो. मी भातासाठी अगदी तेच घर बांधलं होतं. खोल गंजातला भात मधोमध तासन् तास कोमट राहतो. वरचा थर हाताला गार लागला तरी आत ४० अंश असू शकतो, आणि हे जंतू साधारण ३० ते ४० अंशांत जोरात वाढतात.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट तापमान. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा असं जगभर स्वयंपाकघरांत शिकवतात. ६० च्या वर जंतू वाढत नाहीत, ५ च्या खाली बहुतेक फार मंद होतात. आता आपलं नागपूर बघा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले होते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत कोणी "बाहेर चार तास टिकतं" सांगितलं, तर ते इथल्या मे महिन्याला लावू नका. आपल्याकडे किचनचा ओटाच जंतूंसाठी तयार उबवणी पेटी असतो. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या वर बाहेर नको, आणि उन्हाळ्यात मी एकच तास धरते.

मग ऑर्डरचं जेवण कसं करायचं? दोनच रस्ते. एक, वाढायच्या वेळेला जुळवून शिजवा आणि ६० च्या वर गरम ठेवा. जाऊबाईंचं म्हणणं हेच होतं, फक्त त्यांनी त्याला शास्त्र म्हटलं नाही. दुसरा, आधी शिजवायचंच असेल तर झटपट थंड करा. खोल गंजात नाही, परातीत. दोन इंचाचा थर, खाली बर्फाचं पाणी, पंखा, मग फ्रिज. दोन तासांत ६० वरून २१ अंशांपर्यंत आलं पाहिजे, पुढच्या चार तासांत ५ पर्यंत. परातींना मला अडीच हजार लागले. पंखा होताच.

फ्रिजबद्दल एक गैरसमज काढून टाका. फ्रिज जंतू मारत नाही, त्यांचा वेग कमी करतो. लिस्टेरियासारखे काही तर फ्रिजमध्येही हळूहळू वाढतात. आणि उन्हाळ्यात दर पाच मिनिटांनी दार उघडणाऱ्या दुकानातला फ्रिज आत किती असतो, कधी मोजलंय? मी मोजलं तेव्हा ११ निघाले. डायल मात्र 'मॅक्स'वर होता.

मोजायला थर्मामीटर लागतो, टोक आत खुपसता येतं तो. मला ४०० रुपयांच्या आत मिळाला. पण थर्मामीटरही खोटं बोलू शकतो बरं का. मे २०२४ च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता. सरकारी यंत्राचं हे, तर आपल्या ४०० रुपयांच्या यंत्राचं काय! सोपी चाचणी आहे. ग्लासभर बर्फाचा चुरा, थोडं पाणी, त्यात टोक बुडवा. शून्य दाखवायला हवं. मी दर सोमवारी करते.

आता दुसरी बाजू. जंतू म्हणजे शत्रूच असं समजू नका, कारण माझं निम्मं दुकान जंतूंवर चालतं. इडलीचं पीठ फुगवतं कोण? उडीद डाळीवर आणि तांदळावर मुळातच असलेले आंबवणारे जंतू, त्यात मुख्य ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइड्स. नाव लांब आहे पण काम साधं. साखर खातो, वायू सोडतो, आम्ल सोडतो. वायूने पीठ फुगतं, आम्लाने ते आंबतं आणि इतर जंतूंची सोय मोडते. दह्याचंही तेच. म्हणून त्या दिवशी कढी बिचारी निर्दोष होती. आंबट पदार्थात बॅसिलस सेरियसला करमत नाही. लोकांनी जे आंबट लागलं त्यावर बोट ठेवलं आणि जे गोड, मऊ, छान लागलं त्याने घात केला.

बॅटर विकणाऱ्यांनी हे लक्षात घ्या: दुकानातून निघालेलं पॅकेट थांबत नाही, आत जंतू काम करतच असतात. मे महिन्यात माझं पीठ पाच-सहा तासांत वर येतं, डिसेंबरात तेच चौदा तास घेतं. सुरुवातीला मी बारा महिने एकच वेळ लावली होती, आणि मग दुकानदारांकडून फुगलेली पॅकेटं परत येऊ लागली. "ताई, हे तं फुग्यासारखं झालं," म्हणत एकाने अख्खा क्रेट पायरीवर ठेवला. आता उन्हाळ्यात आम्ही पीठ जरा आधीच फ्रिजला टाकतो, गार पाण्याने वाटतो आणि गाडीत बर्फाच्या पेट्या ठेवतो.

पाण्याचं सांगते. जंतूंना पाणी लागतं, पण मोकळं पाणी. साखर किंवा मीठ भरपूर घातलं की पाणी असूनही त्यांच्या कामाचं राहत नाही. याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, शुद्ध पाण्याची १. ०.८५ च्या खाली आजार पसरवणारे बहुतेक जंतू हतबल होतात, ०.६ च्या खाली कुठलाच जंतू किंवा बुरशी वाढत नाही. आपल्या आज्ज्यांना हा आकडा माहीत नव्हता, पण एप्रिल-मेमध्ये गच्चीवर कुरड्या, पापड, सांडगे घालायचं माहीत होतं. जे ऊन माझा भात नासवतं, तेच ऊन वाळवण टिकवतं! म्हणून कमी भांडवलात सुरुवात करणाऱ्या वहिनींना मी आधी वाळवण आणि मसाले सुचवते, पनीर नाही. पनीरमध्ये मार्जिन चांगलं दिसतं, पण त्यात खाणंही आहे, पाणीही आहे, आंबटपणा कमी, आणि फ्रिज दोन तास बंद पडला की मार्जिन नालीत. वाळवणाला फक्त पावसाळा सांभाळा. डब्यात ओलावा शिरला की बुरशी आली.

माव्याच्या मिठाईवाल्यांसाठी एक वाक्य जास्त. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहतो, साखर-मीठ इतरांपेक्षा जास्त सहन करतो, आणि त्याचंही विष उष्णतेने जात नाही. बर्फी कापणाऱ्याने नाकाला हात लावला की हात धुवायचाच. बोटाला कापलेलं असेल तर त्या दिवशी काउंटर सांभाळायचा, बर्फी नाही.

हवेचं प्रकरण जरा उलटं आहे. बुरशीला हवा लागते, म्हणून लोणच्यावर तेलाचा थर घालतो. पण काही जंतूंना हवा नकोच असते. क्लॉस्ट्रिडियम कुटुंब हे असं. त्यातल्या बॉट्युलिनमचं विष जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. लोणच्यात मीठ आणि आंबटपणा असतो, पीएच ४.६ च्या खाली हा जंतू वाढत नाही. पण नुसता लसूण तेलात बुडवून, बाटलीत भरून, फ्रिजबाहेर ठेवला तर? १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या एका हॉटेलात असाच तेलातला लसूण वापरला गेला आणि ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. लसूण-ठेचा तेलात भरून ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. लिंबू किंवा व्हिनेगर घालून पीएच तपासून घ्या, नाहीतर थोडा थोडा बनवून फ्रिजमध्येच ठेवा.

याच कुटुंबातला दुसरा भाऊ धनुर्वाताचा. त्याची एक गोष्ट मुंबईच्या प्रयोगशाळेपर्यंत जाते आणि तिने मला माझी वही सुरू करायला लावली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये लस बनवायला घेतली. लस बनवायची म्हणजे आधी प्लेगचे जंतू भरपूर वाढवायचे. त्यांनी मांसाच्या रश्श्यात वर तुपाचे थेंब सोडले, आणि त्या तुपाला लटकून जंतू झुंबरासारखे खाली वाढले. मग ते उष्णतेने मारून लस केली. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्यांच्याच नावाने आहे. जंतूंना काय आवडतं हे त्यांच्याइतकं कळणारा माणूस तेव्हा देशात क्वचितच असेल.

तरीही ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना मुंबईहून आलेली लस टोचली, आणि त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पद सोडावं लागलं. पुढे चौकशीचे कागद उघड झाले तेव्हा समोर आलं की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाचा चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता बुचासाठी वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतली आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. पाच वर्षं गेली त्यात.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझी नजर एका तपशिलावर अडकली. त्या बाटलीला नंबर होता, ५३-एन. ती कधी भरली, कुठे गेली, कोणी उघडली, सगळ्याची नोंद होती. नोंद होती म्हणून दोष एका बाटलीपर्यंत जाऊन पोचला, आणि नोंद होती म्हणून सुटकेसाठी भांडता आलं. आणि मला डॉक्टरांनी विचारलं होतं, भात नक्की किती वाजता शिजवला?

पॅकबंद मालाच्या लेबलवर बॅच नंबर टाकावा लागतो हे तुम्हाला माहीत आहे. बहुतेक जण तारीखच उलटी करून छापतात आणि मोकळे होतात. तो नंबर वहीतल्या एका ओळीला जोडलेला नसेल तर ती नुसती शाई आहे. माझ्या वहीत दर बॅचची एक ओळ असते: शिजवलं कधी, तेव्हा तापमान किती, थंड झालं कधी, फ्रिजमध्ये गेलं कधी, कोणाला दिलं, बनवलं कोणी. सुरुवातीला जाऊबाई वैतागल्या, "भात रांधू का हिशोब लिहू?" आता त्याच दुसऱ्यांना रागावतात. शिवाय प्रत्येक ऑर्डरचा एक वाटीभर नमुना आम्ही झाकून, नाव घालून तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. तपासायची वेळ आजवर आली नाही.

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन काढाल तेव्हा त्यांचं फॉस्टॅक नावाचं प्रशिक्षण असतं, ते सर्टिफिकेटसाठी नाही तर कान देऊन करा. तिथे सांगतात ते यातलंच आहे. मी तेव्हा मागच्या बाकावर बसून फोनवर कोटेशन बघत होते.

दत्तवाडीच्या त्या घरून पुन्हा ऑर्डर आली नाही. आजी कधीकधी संध्याकाळी भाजी घेताना दिसतात, हसतात, "कसं चाललंय गं दुकान?" विचारतात. गोळाभात मी अजून करते, पण शेवटचा गोळा पडतो तेव्हा गाडी दारात उभी असते.